सॉफ्टवेअर नंतर, आधी रात्रपाळीचा सुपरवायझर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चाकणला दोन प्लांट, नाशिकला अंबडमध्ये एक, मिळून ४२० कॉम्प्युटर युजर. आयटीत तुम्हाला धरून सहा जण. तक्रारी येतात व्हॉट्सॲप ग्रुपवर, फोनवर, नाहीतर कँटीनमध्ये ताट हातात असताना. नोंद एक्सेलमध्ये, तीही आठवेल तशी. मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटरने ‘गेल्या सहा महिन्यांचे इन्सिडंट दाखवा’ म्हटल्यावर ते एक्सेल उघडायला तुम्हाला संकोच वाटला, आणि आता डायरेक्टर साहेबांचा निरोप आहे की आयटीच्या तक्रारी नोंदवून त्यांचा पाठपुरावा करणारं, म्हणजे सर्व्हिस डेस्कचं सॉफ्टवेअर मार्चअखेर घेऊन टाका. तुम्ही चार नावं दिली आहेत: फ्रेशसर्व्हिस, सर्व्हिसडेस्क प्लस, जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट आणि फुकटातलं जीएलपीआय. यातलं कोणतं?

नाव सांगतो, पण शेवटाकडे. मी गेली एकोणीस वर्षं पुण्याच्या आसपासच्या इंजिनिअरिंग कंपन्यांचं आयटी सांभाळतोय. या जातीचं सॉफ्टवेअर चार वेळा बसवलं, त्यातलं दोनदा फसलं. चारपैकी कोणत्याही कंपनीचा मी एजंट नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगळ्या अडचणी एकाच पोत्यात भरल्यात. पहिली, तक्रार हरवते: ग्रुपवर रात्री दोनला आलेला मेसेज सकाळी ‘सुप्रभात’च्या फुलांखाली गाडला जातो. दुसरी, केलेल्या कामाचा पुरावा उरत नाही, म्हणून ऑडिटमध्ये मान खाली. तिसरी, साहेबांना मार्चच्या आत बजेट संपवायचंय. तिसरी अडचण सॉफ्टवेअर घेतल्याच्या दिवशी सुटते. दुसरी दोन-तीन महिन्यांत सुटते. पहिली मात्र कोणतंही सॉफ्टवेअर आपोआप सोडवत नाही, आणि ती सुटली नाही तर दुसरीही फक्त कागदावर सुटते. वरातीमागून घोडं हाकावं तसे इंजिनिअर महिनाअखेरीला बसून तिकिटं (म्हणजे सॉफ्टवेअरमधली एकेका तक्रारीची नोंद) उघडतात आणि लगेच बंद करतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. ३० तारखेच्या संध्याकाळी एका तासात सत्तर तिकिटं उघडून बंद झालेली, प्रत्येकाला लागलेला वेळ दोन मिनिटं. रिपोर्टवर हिरवंगार. ऑडिटरही तेवढा खुळा नसतो.

तुमच्याबद्दल काही गोष्टी मला माहीत नाहीत, आणि उत्तर त्यांच्यावरच फिरतं. तिन्ही प्लांटमध्ये तिन्ही पाळ्या चालतात का? शॉप फ्लोअरवरच्या लोकांना कंपनीचा ईमेल आहे का? सहापैकी एकजण तरी असा आहे का, जो या सॉफ्टवेअरचा पालक होऊन रोज अर्धा-पाऊण तास देईल? लायनक्स सर्व्हर सांभाळणारा कोणी आहे का? मी धरून चालतो की पाळ्या तीन आहेत, फ्लोअरवर ईमेल नाही, पालक अजून ठरलेला नाही आणि लायनक्सवाला बहुधा नाही. बहुतेक ठिकाणी हेच असतं.

आता कोणाचाही डेमो बघण्याआधी पंधरा दिवसांचं एक काम करा. साधी दोनशे पानी वही घ्या, किंवा तुमचंच एक्सेल, पण या वेळी इमानदारीने. सहाही जणांनी आलेला प्रत्येक कॉल तिथे लिहायचा: वेळ, प्लांट, कोणी सांगितलं, कसं सांगितलं, कशाबद्दल, कधी संपला. ‘अरे जरा बघ ना’ म्हणून केलेलं कामही लिहायचं. आम्ही एका कास्टिंगच्या कारखान्यात हे केलं तेव्हा माझी समजूत होती की आमचा वेळ नेटवर्क आणि सर्व्हरमध्ये जातो. वही निघाली तर निम्म्याच्या आसपास कॉल तीनच गोष्टींचे: सॅपचा (कंपनीचे सगळे व्यवहार ज्यात चालतात त्या सॉफ्टवेअरचा) युजर लॉक झाला, प्रिंटर चालेना, शेअर्ड फोल्डरची परवानगी हवी. नेटवर्कचे कॉल बोटांवर मोजण्याइतके. त्या वहीमुळे मी व्हेंडरला विचारायचे प्रश्नच बदलले. ‘तुमच्याकडे चेंज मॅनेजमेंट आहे का’ याऐवजी मी विचारलं, ‘फोल्डरच्या परवानगीसाठी त्या खात्याच्या मॅनेजरचं हो मोबाइलवर, एका बटणात मिळेल का?’ दोन व्हेंडर तिथेच अडखळले.

वहीचा आणखी एक फायदा होतो. कोणत्या वेळी किती कॉल येतात ते दिसतं. आमच्याकडे पाळी बदलायच्या वेळी उसळी यायची, कारण नवा माणूस लॉगिन करताना आधीच्याचा पासवर्ड टाकायचा आणि खातं लॉक व्हायचं. त्यावर उपाय सॉफ्टवेअरचा नव्हताच.

आता शीर्षकातल्या सुपरवायझरकडे येतो, कारण माझ्या मते निवड तोच करतो.

पहाटेचे तीन. डिस्पॅचला ट्रक लागलाय. बॉक्सवर चिकटवायचं बारकोड लेबल छापणारा प्रिंटर कोरी लेबलं बाहेर टाकतोय. लेबल नाही तर गिऱ्हाइकाच्या गेटवर माल घेणार नाहीत. सुपरवायझरच्या हातात ग्लोव्हज, समोर चौघांत मिळून वापरायचा एक पीसी, त्यावर कोणाचं तरी लॉगिन आधीच उघडं. त्याला ईमेल नाही. त्याला आयटीचं पोर्टल माहीत नाही, आणि माहीत असलं तरी तिथे ‘कॅटेगरी निवडा, सबकॅटेगरी निवडा, इम्पॅक्ट निवडा’ हे सगळं तो भरणार नाही. तो फोन काढतो आणि ज्या इंजिनिअरचा नंबर पाठ आहे त्याला उठवतो. इंजिनिअर झोपेतच सांगतो, ‘रिबन उलटी लागलीय का बघ, नाहीतर रोल बदलल्यावर कॅलिब्रेट कर.’ प्रिंटर चालू होतो, ट्रक निघतो. नोंद? शून्य. आणि महिन्यात हे सहा वेळा झालं तरी कोणाला कळत नाही की त्या पाळीला रिबन लावायचं दहा मिनिटांचं प्रशिक्षण दिलं की विषय संपला असता.

म्हणून माझी पहिली कसोटी ही. ट्रायल मिळाली की त्या प्रिंटरवर एक क्यूआर कोड चिकटवा. सुपरवायझरने स्वतःच्या फोनने तो स्कॅन केला की तिकिटाचा फॉर्म उघडावा, त्यात प्रिंटरचा नंबर आणि प्लांट आधीच भरलेला असावा, त्याने फक्त नाव आणि ‘काय झालं’ लिहावं, मराठीत लिहिलं तरी चालावं, फोटो जोडता यावा, आणि लॉगिन लागू नये. लॉगिनशिवाय शक्य नसेल तर त्या पाळीसाठी एक सामायिक खातं चालेल का, ते व्हेंडरला स्पष्ट विचारा. दुसरी कसोटी त्या झोपेतल्या इंजिनिअरची: फोन ठेवल्यावर त्याला मोबाइल ॲपवरून तीस सेकंदांत तिकीट टाकून बंद करता येतं का? हे दोन होत असेल तर बाकी गोष्टींवर चर्चा करू. होत नसेल तर डॅशबोर्ड कितीही देखणा असला तरी तुम्ही पुन्हा एक्सेलवर येणार.

हे डेमोत बघायचं नाही. डेमोत व्हेंडरचा माणूस स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या डेटावर, आधी दहा वेळा केलेलं दाखवतो, आणि साहेब पाय चार्ट बघून खूश होतात. तुमच्या वहीतले पाच खरे कॉल त्याला द्या आणि सांगा, हे आमच्यासमोर करून दाखवा. मग रात्रपाळीला ट्रायल लावा आणि तुम्ही तिथे जाऊ नका. तुम्ही शेजारी उभे असलात की लोक नीट वागतात.

व्हेंडर तुमच्यासमोर ‘आयटीआयएल’ हा शब्द वारंवार टाकेल, तर तेही उरकतो. ही ब्रिटिश सरकारच्या एका संगणक विभागाने १९८०च्या दशकात जमवायला घेतलेली कामाची चांगली पद्धत. तिची चौथी आवृत्ती २०१९ची. ती पद्धत आहे, कायदा नाही, आणि सॉफ्टवेअरवर तिचा शिक्का असला म्हणजे तुमचं काम तसं होऊ लागतं असं नाही. तुमच्यापुरता अर्थ एवढाच: बिघडलं ते इन्सिडंट, हवंय ते रिक्वेस्ट, पुन्हा पुन्हा का बिघडतं तो प्रॉब्लेम, आणि चालू गोष्टीला हात लावायचा तो चेंज. सुरुवातीला पहिल्या दोनच चालू करा. चेंज तिसऱ्या महिन्यात, तोही फक्त सॅप, फायरवॉल आणि सर्व्हरपुरता. प्रॉब्लेमचा मॉड्यूल वर्षभर उघडला नाही तरी चालेल. महिन्यातून एकदा सहाजणांनी चहा घेत ‘सगळ्यात जास्त वेळा काय आलं’ बघितलं की तोच प्रॉब्लेम मॅनेजमेंट.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून हवी: एका मोठ्या बिघाडाखाली बाकीची तिकिटं जोडता येणं. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातली ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर गेली. ज्यांच्याकडे ते सॉफ्टवेअर होतं त्यांच्या सर्व्हिस डेस्कवर एकाच कारणाच्या शेकडो तक्रारी एका सकाळी आल्या. तुमच्याकडे एवढं होणार नाही, पण प्लांटची लीज्ड लाइन (इंटरनेटची भाड्याची खास लाइन) तुटली की चाळीस जण कळवणारच. तेव्हा एक मुख्य तिकीट, त्याखाली चाळीस, आणि मुख्य बंद केलं की सगळ्यांना एकदम निरोप. हे नसेल तर इंजिनिअर लाइन जोडायची सोडून उत्तरं देत बसतो.

एसएलए, म्हणजे तक्रार किती वेळात सोडवायची त्याची ठरलेली मुदत, त्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे आपल्याकडची गोष्ट आड येते. या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला सहसा सोमवार ते शुक्रवार, ऑफिसच्या वेळेचं घड्याळ लावलेलं असतं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी. तुमच्या नाशिकच्या प्लांटची वेगळ्या दिवशी असेल, ऑफिसची रविवारी. म्हणजे प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं कॅलेंडर लावता आलं पाहिजे. काही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय वरच्या एडिशनमध्येच असते, आणि हे पीओ (खरेदीची ऑर्डर) गेल्यावर कळतं. मला असंच कळलं होतं. तीन महिने आमचं प्रत्येक बुधवार संध्याकाळचं तिकीट शुक्रवारी सकाळी लाल दिसायचं आणि मी साहेबांना दर आढावा बैठकीत गुरुवार समजावून सांगायचो.

दुसरं, घड्याळ थांबवता यायला हवं. सुटा भाग व्हेंडरकडून यायचाय किंवा युजर फोनच उचलत नाही, तेव्हा तिकीट ‘पेंडिंग’वर टाकलं की वेळ मोजणं थांबावं. पण त्यावर लक्ष ठेवा, कारण घड्याळ थांबवायचं बटण हाताशी असलं की सगळी तिकिटं दुपारी चारनंतर पेंडिंगवर जातात. आम्ही नियम केला: पेंडिंगचं कारण लिहिल्याशिवाय बटण चालत नाही, आणि तीन दिवसांनी ते आपोआप उघडतं.

तिसरं, प्राधान्य. एचआरचा प्रिंटर बंद आणि डिस्पॅचचा प्रिंटर बंद या दोन्हींची कॅटेगरी एकच, पण एकात पगारपत्रक उद्यावर जातं, दुसऱ्यात ट्रक थांबतो. प्राधान्य युजरला निवडायला दिलंत तर सगळेच ‘अर्जंट’ निवडतात, त्यात त्यांचा दोष नाही. ते यंत्राच्या जागेवरून ठरू द्या. डिस्पॅच, गेटचा वजनकाटा-पीसी, ई-वे बिल काढणारं मशीन, सॅपचा सर्व्हर अशी फार तर वीस नावांची यादी करा. त्यावरचं तिकीट आपोआप वर. बाकी सगळं साधं.

कॅटेगरीवरून माझी फसगत सांगतो. एका कंपनीत आम्ही मोठ्या खर्चाचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. नाकापेक्षा मोती जड. बारा-चौदा मॉड्यूल, त्यातले वापरले दोन. मी उत्साहात कॅटेगरींचं झाड लावलं, तीन पातळ्यांचं, दीडशेच्या वर पानं. प्रिंटरखाली कंपनी, कंपनीखाली मॉडेल, मॉडेलखाली बिघाड. सहा महिन्यांनी रिपोर्ट काढला तर सर्वांत मोठी कॅटेगरी ‘इतर’. आज मी बाराच्या वर जाऊ देत नाही, आणि कॅटेगरी युजरने नव्हे तर इंजिनिअरने तिकीट बंद करताना निवडायची. उघडताना कोणालाच खरं कारण माहीत नसतं.

आता ॲसेट, म्हणजे कंपनीची कॉम्प्युटर, प्रिंटर वगैरे मशीन. तुम्ही प्रश्नात याचा उल्लेखच केला नाही, पण तुमच्या ऑडिटरचा पुढचा प्रश्न हाच असणार. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्याच्या वर्षभर आधी मला साहेबांना आकडा द्यायचा होता: किती मशीन विंडोज ११ला चालतील, किती बदलावी लागतील. त्यासाठी प्रोसेसर कुठल्या पिढीचा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आहे का, हे प्रत्येक मशीनचं हवं. आमच्या एक्सेलमध्ये मॉडेलचं नाव होतं, तेही काही ठिकाणी नुसतं ‘डेल’. मशीनवर एजंट (माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम) टाकून माहिती गोळा केली तेव्हा एक्सेलमधली काही मशीन सापडलीच नाहीत आणि एक्सेलमध्ये नसलेली बरीच निघाली. एक तर क्वालिटीच्या मापन यंत्राला जोडलेला विंडोज ७चा पीसी होता, जो सात वर्षं कोणाच्याच यादीत नव्हता.

तेव्हा तिकीट आणि ॲसेट एकाच ठिकाणी असतील असंच बघा. सीरिअल नंबर, जागा, कोणाकडे, वॉरंटी किंवा एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) कधी संपते, एवढं पहिल्या वर्षी पुरे. ‘सीएमडीबी’ म्हणजे कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर टेकलीय त्याचा नकाशा, त्याच्या नादी आत्ता लागू नका. दुरुस्तीला बाहेर गेलेलं मशीन मात्र टिपलं जातंय का ते पाहा. आपल्याकडे ते रिटर्नेबल गेट पासवर जातं आणि गेट पासची वही सिक्युरिटीकडे असते. आयटीला तो लॅपटॉप आठ महिने कुठे आहे ते ठाऊक नसतं. तिकिटावर गेट पास नंबरचा एक रकाना वाढवला की झालं.

क्लाउडवर, म्हणजे व्हेंडरच्या सर्व्हरवर, की स्वतःच्या सर्व्हरवर? हे तुम्ही ठरवायचं, पण एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. सर्व्हिसडेस्क प्लसच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आवृत्तीत २०२१मध्ये गंभीर त्रुटी सापडली. कंपनीने सप्टेंबरमध्येच दुरुस्ती दिली होती. तरी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआय आणि सिसा (तिथली सायबर सुरक्षा संस्था) यांना इशारा काढावा लागला, कारण ज्यांनी पॅच टाकला नव्हता त्यांच्यावर हल्ले चालू होते. पुढच्या वर्षी जीएलपीआयची तीच कथा: सप्टेंबर २०२२मध्ये दुरुस्ती आली आणि पुढच्याच महिन्यात न बदललेले सर्व्हर फोडले गेले. दोन्ही उत्पादनं चांगली आहेत, त्रुटी सगळ्यांत निघतात. मुद्दा असा की या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या सगळ्या मशीनची यादी आणि बऱ्याचदा ॲडमिनचे पासवर्ड असतात. त्याचा पॅच आठवड्यात टाकणारा माणूस नसेल तर ते घरात ठेवू नका. सहा जणांच्या टीमला मी डोळे मिटून क्लाउड सांगतो. प्लांटचं इंटरनेट गेलं तर? इंजिनिअरच्या खिशात मोबाइल आहेच.

‘ईमेल पाठवला की तिकीट बनतं’ ही सोय सगळेच सांगतात. तुमची मेल मायक्रोसॉफ्टकडे असेल तर विचारा, जोडणी ओऑथने (पासवर्ड न देता परवानगी द्यायच्या पद्धतीने) होते ना? नुसतं नाव-पासवर्ड देऊन मेल वाचायची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२पासून बंद करायला घेतली. कोणी जुनी आवृत्ती स्वस्तात गळ्यात मारली तर तिकिटं बनणारच नाहीत.

पैशाचं बोलू. या सगळ्यांत लायसन्स सहसा तिकीट सोडवणाऱ्यांचं लागतं, टाकणाऱ्यांचं नाही. म्हणजे तुमचे ४२० युजर मोजले जात नाहीत, सहा इंजिनिअर मोजले जातात. एएमसीवाल्याच्या साइट इंजिनिअरला लॉगिन दिलंत तर तो सातवा. मंजुरी देणारे मॅनेजर मोजतात का ते विचारा. ॲसेटची संख्या वेगळी मोजतात का तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ठरावीक आकड्यापलीकडे जादा पैसे पडतात. मग एडिशन: कॅलेंडर, मंजुरीच्या दोन पातळ्या, कंपनीच्याच लॉगिनने आत जाण्याची सोय, यातलं काय कोणत्या एडिशनमध्ये आहे ते कोटेशनवर लिहून घ्या. दर डॉलरमध्ये की रुपयांत, १८ टक्के जीएसटी धरून की वेगळा, आणि दुसऱ्या वर्षी किती टक्क्यांच्या वर वाढणार नाही, हेही लेखी. पहिल्या वर्षी मार्चमध्ये भरघोस सूट मिळते. रिन्युअलला ती सूट नाहीशी होते आणि तुमचा सगळा डेटा त्यांच्याकडे असतो.

म्हणून बाहेर पडायचा रस्ता आत शिरतानाच तपासा. ट्रायलमध्ये पन्नास तिकिटं टाका, त्यावर उत्तरं लिहा, फोटो जोडा, आणि मग सगळं बाहेर काढून बघा. बहुतेक ठिकाणी तिकिटाची एक ओळ सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) सहज येते. आतला संवाद आणि जोडलेल्या फाइल यायला त्रास होतो. आणि ऑडिटला तोच संवाद लागतो.

ऑडिटवरून आणखी दोन गोष्टी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. सहा तास तेव्हाच मोजता येतात, जेव्हा ‘लक्षात कधी आलं’ याची नोंद असते. रात्री कोणी ‘फाइलींची नावं विचित्र झालीत’ म्हणून कळवलं तर ते तिकीट थेट तुमच्या फोनवर वाजलं पाहिजे. दुसरं, लोक तिकिटात काहीही लिहितात. पासवर्ड लिहितात, आधार कार्डाचा फोटो जोडतात. एचआर हेच सॉफ्टवेअर नव्या माणसांच्या कागदपत्रांसाठी मागायला येईलच. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झालाय. कोणाचं तिकीट कोणाला दिसतं आणि जोडलेली फाइल पुसता येते का, हे एचआरला हो म्हणायच्या आधी पाहून ठेवा.

आतापर्यंतचं थोडक्यात: पंधरा दिवसांची वही आधी, रात्रपाळीची ट्रायल नंतर, आणि कॅलेंडर, लायसन्स, डेटा बाहेर काढणं या तीन गोष्टी पीओच्या आधी लेखी. आता नावं.

सर्व्हिसनाऊ किंवा बीएमसी या कंपन्यांच्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. ती हजारो लोकांच्या आयटीसाठी चांगली आहेत, पण त्यांना सांभाळायला वेगळा माणूस लागतो. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट मला आवडतं, पण जिथे सॉफ्टवेअर लिहिणारी टीम आधीपासून जिरावर (त्याच कंपनीच्या, कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे तिथे. तुमच्याकडे ती नाही, मग त्याचा मोठा फायदा वाया जातो आणि सेटिंगचं जंजाळ तेवढं उरतं. जीएलपीआय खरंच फुकट आहे आणि ॲसेटच्या बाबतीत दमदार आहे. २०२२च्या दहाव्या आवृत्तीपासून मशीनची माहिती गोळा करायला वेगळं प्लगइनही लागत नाही. पण फुकट म्हणजे पैशाऐवजी माणसाचा वेळ. लायनक्स, डेटाबेस, बॅकअप, पॅच करणारा एक उत्साही पोरगा तुमच्याकडे असेल तर बिनधास्त घ्या. तो पोरगा नोकरी सोडून गेला की काय करायचं, एवढंच आधी ठरवा. आमच्याकडचा गेला तेव्हा सर्व्हरचा रूट पासवर्डही (सगळे अधिकार देणारा) त्याच्याबरोबर गेला होता.

उरले दोन, दोन्ही चेन्नईच्या मुशीतले. फ्रेशसर्व्हिस युजरच्या बाजूने हलकं वाटतं, शिकवावं कमी लागतं. सर्व्हिसडेस्क प्लसमध्ये बारीक सेटिंग जास्त, आणि तुम्ही त्याच कंपनीचं पॅचिंगचं किंवा एंडपॉइंट (युजरची मशीन) सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर जोडणी सोपी जाते. तुमच्या वर्णनावरून मी सर्व्हिसडेस्क प्लसचं क्लाउड पहिल्या नंबरवर ठेवीन आणि फ्रेशसर्व्हिसला रात्रपाळीच्या ट्रायलमध्ये त्याला हरवायची संधी देईन. सुपरवायझरने दुसरं निवडलं तर दुसरं घ्या. माझं मत त्याच्यापुढे टिकत नाही.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की जुनं एक्सेल आत भरायचं का. नका भरू. अर्धवट नोंदी नव्या यादीत आल्या की पहिल्याच महिन्याचे रिपोर्ट बिघडतात. ते एक्सेल पीडीएफ करून तारखेसह ठेवून द्या. ऑडिटरला ‘या तारखेपर्यंत असं, इथून पुढे असं’ सांगितलेलं चालतं, सुधारणा दिसणं त्याला आवडतंच.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप पहिल्या दिवशी बंद करू नका. मी एकदा केला होता. दुसऱ्या दिवशी ‘आयटी हेल्प न्यू’ नावाचा ग्रुप निघाला, ज्यात आयटीचं कोणीच नव्हतं. ग्रुप राहू द्या. तक्रार आली की ड्यूटीवरच्या इंजिनिअरने स्वतः तिकीट टाकायचं आणि ग्रुपवर फक्त नंबर लिहायचा: ‘१०४३, बघतोय.’ पहिले पाच-सहा आठवडे हे हातानेच करावं लागतं, कंटाळवाणं आहे. मग एके दिवशी डिस्पॅचचा कोणीतरी ग्रुपवर विचारतो, ‘१०४३चं काय झालं?’ त्या दिवशी क्यूआर कोडचे स्टिकर छापायला टाका.